खुनाला रिटेक नाही: पहिली खुनी मॉक्युमेंटरी करताना

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचा आव आणून सांगितलेली रचलेली गोष्ट. मुलाखती, हलता कॅमेरा, मधेच फ्रेममध्ये घुसणारा माइक, सगळं खऱ्यासारखं. या प्रकारात एक विक्षिप्त कोपरा आहे. वर्षानुवर्षं धडपडून कुठेच न पोचलेला एक दिग्दर्शक शेवटी माणसं मारू लागतो, तेही कॅमेरा चालू असताना, आणि आपण हसत असतो. नवख्यांना हा कोपरा दोन कारणांनी भुरळ घालतो. एक म्हणजे यात कॅमेरा हलला तरी चालतं असं वाटतं. दुसरं म्हणजे नायक अगदी ओळखीचा असतो. पहिलं कारण फसवं आहे, त्यावर पुढे येतोच. दुसरं मात्र शंभर टक्के खरं.

हा लेख एक बरा फोन, चार-पाच मित्र आणि जोडून आलेल्या दोन सुट्ट्या एवढंच भांडवल असलेल्यांसाठी आहे. दहा-बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म धरून चाला. दीड तासाचा सिनेमा डोक्यात असेल तर तो डोक्यातच राहू द्या, त्यातली बारा मिनिटं आधी करून बघा.

आधी एक सिनेमा बघून घ्या

'मॅन बाइट्स डॉग', बेल्जियम, १९९२. रेमी बेल्व्हो, आंद्रे बोंझेल आणि बेन्वा पोलव्होर्द या तिघा तरुणांनी जेमतेम पैशांत, कृष्णधवल १६ एमएम फिल्मवर केलेला. त्याच वर्षी तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात दाखवला गेला. बेन नावाचा गप्पिष्ट खुनी आणि त्याच्यावर माहितीपट करणारं छोटंसं युनिट, एवढीच गोष्ट. बेन कविता म्हणतो, प्रेत पाण्यात तळाला राहावं म्हणून किती वजन बांधायचं याचं गणित समजावतो, महिन्याची सुरुवात पोस्टमनच्या खुनाने करतो. युनिट आधी नुसतं बघतं, मग प्रेतं उचलायला हात लावतं, मग त्याच्या पैशांवर शूट करतं, आणि पुढे जे होतं ते बघवत नाही. सांगून ठेवतो, त्यात लैंगिक हिंसेचा एक प्रसंग आहे. झेपणार नसेल तर तेवढा भाग पुढे ढकला.

त्यातला खुनी सिनेमावाला नाही. सिनेमावाले हळूहळू खुनी होतात. तुम्हाला शिकायचंय ते हेच: कोणत्या मिनिटाला युनिटमधला कोण पहिल्यांदा 'मदत' करतो. वही घेऊन बसा आणि प्रत्येक वेळी नोंद करा. कोणी दार धरलं, कोणी पाय धरले, कोणी नुसतंच बॅटरी बदलली. ती यादी म्हणजेच सिनेमाची पटकथा.

कॅमेऱ्याने माणूस मारणारा चित्रपटवेडा ही कल्पना त्याहून जुनी आहे. १९६० मध्ये मायकेल पॉवेलने 'पीपिंग टॉम' केला. त्यातला खुनी स्टुडिओत फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा कॅमेरा सहायक असतो आणि त्याच्या ट्रायपॉडचा पाय टोकदार असतो. त्यात विनोद औषधालाही नाही. ब्रिटिश समीक्षकांनी त्या सिनेमाचं असं काही केलं की पॉवेलची तिथली कारकीर्दच गाळात गेली. म्हणजे या विषयाने खऱ्या दिग्दर्शकाचाही बळी घेतलेला आहे.

खुनी कोण आणि त्याचं दुखणं काय

नवखे इथेच चुकतात. ते खुनी लिहितात: डोळे लाल, हसू विचित्र, लहानपणी बापाने पट्ट्याने मारलेलं. त्याची काही गरज नाही. आपल्याला दिग्दर्शक लिहायचा आहे, खून हा त्याच्या कामातला नंतर वाढलेला भाग.

माझ्या डोक्यातला माणूस असा आहे. वय सदतीस-अडतीस. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत दिग्दर्शनाचं उत्तेजनार्थ मिळालेलं, ते प्रशस्तिपत्रक अजून भिंतीवर. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेची प्रवेश परीक्षा तीनदा दिलेली. मुंबईत आरामनगरात ऑडिशनच्या रांगा लावून झाल्या, मालिकेत सहायक म्हणून राबून झालं, सीझनमध्ये लग्नाचे व्हिडिओ. एकदाच कुणाकुणाकडून पैसे जमवून मराठी सिनेमा केला आणि त्याला मल्टिप्लेक्समध्ये सकाळी पावणेदहाचा एकच खेळ मिळाला. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइमचा खेळ ठेवायला सांगितलं होतं, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. आपला माणूस त्या गदारोळातला एकही शब्द विसरलेला नाही. खून करतानाही तो विषय काढतो.

इथे दया वाटते ना? वाटलीच पाहिजे. प्रेक्षकाने पहिली तीन मिनिटं त्याच्या बाजूने असायला हवं. त्याची तक्रार रास्त ठेवा, तिच्यावरचा इलाज तेवढा राक्षसी ठेवा. तक्रारच खोटी किंवा उथळ असेल तर तो नुसता विकृत ठरतो, आणि विकृत माणसावर बारा मिनिटं हसणं अवघड आहे.

विनोदाचं इंजिन एकच आहे, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा: खून हा त्याच्या दृष्टीने शूटिंगचा प्रश्न आहे. नीतीचा नाही, भीतीचा नाही, पकडलं जाण्याचाही नाही. लाईट गेला का, फ्रेम जमली का, कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, तुटली का, एवढंच. आणि खुनाला रिटेक नसतो, दिग्दर्शकाला तर पहिला टेक कधीच आवडत नाही. या एका कुचंबणेतून अख्खी फिल्म निघते. नमुना म्हणून एक तुकडा:

दिग्दर्शक: (प्रेताकडे न बघता) आलं का?
कॅमेरामन: आलं. पण मध्ये तुमची पाठ आली, दादा.
दिग्दर्शक: म्हणजे त्याचा चेहरा नाही?
कॅमेरामन: नाही.
दिग्दर्शक: (बराच वेळ गप्प) मग आधी सांगायचं ना रे. आता दुसरा वितरक कुठून आणू मी?

यात कोणीही विनोद करत नाहीये. दोघं कामाचं बोलताहेत. नटांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण मराठी नटाच्या अंगात एकांकिका भिनलेली असते. हशा येणार हे कळलं की तो तिथे थांबतो. त्याला थांबू देऊ नका.

कॅमेरा कोणाच्या हातात

पर्याय तीन. खुनी स्वतःच स्वतःला शूट करतो. किंवा सगळं उघडकीला आल्यावर कोणीतरी सापडलेलं फुटेज आणि मुलाखती जुळवून माहितीपट करतं. किंवा सुरुवातीपासूनच एक छोटं युनिट त्याच्या मागे आहे.

पहिला स्वस्त आहे, दोन माणसांत होतो, पण लवकर गुदमरतो. दुसऱ्यात सस्पेन्स आधीच सांडतो, शिवाय पोलीस अधिकारी, मानसोपचारतज्ज्ञ असे नट लागतात, आणि घरच्या मित्राला खाकी घातली की तो घरचा मित्र खाकीत दिसतो. नवख्याने तिसरा घ्यावा. 'एका मराठी दिग्दर्शकाचा संघर्ष' अशा छापाचा प्रेरणादायी माहितीपट करायला आलेली कॉलेजची तीन पोरं. खरं तर त्यांना प्रोजेक्टचे मार्क हवेत, सबमिशन जवळ आलंय. पहिला खून झाल्यावर ती पळून का जात नाहीत, या प्रश्नाला प्रत्येकाचं वेगळं उत्तर लिहून ठेवा. एकाला वाटतं फुटेज जबरदस्त आहे. दुसरा घाबरलाय पण बाकीच्या दोघांना ते दाखवायचं नाहीये. तिसरीला दिग्दर्शकाने पुढच्या सिनेमात असोसिएट डायरेक्टर करतो म्हणून शब्द दिलाय. हा शब्द सगळ्यात भीतीदायक, कारण इंडस्ट्रीत उमेदवारी केलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला आहे.

कॅमेरामागच्या माणसाला आवाज हवा. श्वास हवा. दिग्दर्शक त्याच्याकडे वळून 'तुला काय वाटतं?' असं विचारतो तेव्हा कॅमेरा किंचित खाली जातो. तेवढं पुरे.

मरणाऱ्यांचा क्रम

बारा मिनिटांत तीन मृत्यू पुष्कळ झाले.

पहिला असा हवा की ज्याच्यावर सगळेच जरा खार खाऊन आहेत. वितरक, किंवा पटकथेचं नॅरेशन ऐकताना फोनवर रील बघणारा निर्माता. प्रेक्षक दचकतो पण मनातल्या मनात खूशही होतो. दुसरा सोयीचा: पहिल्याचा साक्षीदार, किंवा क्लायमॅक्सला पाहिजे तसा चेहरा असलेला कोणी. इथे हसू थोडं अडकायला लागतं. तिसरा स्पॉट दादा. ज्याने पहिल्या सीनपासून सगळ्यांना चहा दिला, ज्याचं नाव कोणी विचारलं नाही. तो मरतो तेव्हा कोणताही विनोद ठेवू नका. दिग्दर्शक मात्र नेहमीसारखाच फ्रेमबद्दल बोलत राहतो. त्याच वाक्यांवर दोन मिनिटांपूर्वी प्रेक्षक हसला होता, आता हसवत नाही. डार्क कॉमेडीतला डार्क भाग तो हा. रक्ताच्या लिटरवर तो मोजला जात नाही.

तरुण मुलीला बळी करून तिच्या किंकाळीवर कॅमेरा रेंगाळवणं टाळा. या प्रकारात ते इतकं झालंय की बघणारा जांभई देतो, आणि ते करणाऱ्याच्या हेतूबद्दलही शंका येते.

अजून एक. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००८ साली अशी घटना प्रत्यक्षात घडली. सिनेमात नाव कमवायला धडपडणाऱ्या एका माणसाने गॅरेजमध्ये खुनाची शॉर्ट फिल्म शूट केली, आणि नंतर काही दिवसांतच त्याच जागी खरोखर एकाला मारलं. २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली. खऱ्या घटनेवरून कल्पना सुचली तरी बळी गेलेल्या माणसाचं नाव, चेहरा, गाव यातलं काही वापरू नका आणि पोस्टरवर 'सत्य घटनेवर आधारित' असं मिरवू नका. त्या माणसाचं घर आहे, घरची माणसं आहेत, आणि इंटरनेट त्यांच्याकडेही आहे.

लिहिणं: अर्धंच

प्रत्येक संवाद लिहिलात तर माहितीपट वाटणार नाही, काहीच लिहिलं नाहीत तर बारा मिनिटांऐवजी चार तासांचा बडबडीचा ढीग हाती येईल. मधला मार्ग असा: प्रत्येक सीनसाठी चार-पाच ओळी. सीनच्या सुरुवातीला कोणाला काय हवंय, सीन संपताना काय बिघडलंय, आणि कोणतं एक वाक्य आलंच पाहिजे. बाकी नटांवर सोडा. पहिला टेक मोकळा घ्या, जे चांगलं आलं ते लिहून काढा, दुसऱ्या टेकला तेवढंच करायला सांगा. तिसऱ्या टेकपर्यंत तो संवाद मुरतो.

मुलाखती मात्र वेगळ्या वेळी, निवांत घ्या. आईची मुलाखत ठेवाच. 'तसा तो शांतच होता हो' हे वाक्य मात्र तिच्या तोंडी घालू नका, ते बातम्यांनी वापरून वापरून चोथा केलंय. आईला वेगळंच दुःख असू दे:

'नाटकात पहिल्यांदा झाड केलं होतं त्याने. झाडसुद्धा मनापासून करायचा. बँकेच्या परीक्षेला बस म्हटलं, बसला, दोन मार्कांनी गेलं. ते दोन मार्क मिळाले असते तर... जाऊ दे. पोलिसांचं काय ते होईल. पण डबा नेत नव्हता हो तो. कितीदा सांगितलं, बाहेरचं खाऊ नको.'

ही भूमिका शक्यतो नाटकात काम केलेल्या मावशी-काकूंना द्या आणि गोष्ट पूर्ण सांगून द्या. 'मॅन बाइट्स डॉग'मध्ये पोलव्होर्दची खरी आई आणि आजी-आजोबा आहेत, आणि आपण नेमक्या कसल्या सिनेमात आहोत हे त्यांना माहीत नव्हतं म्हणतात. किस्सा म्हणून ठीक. तुम्हाला दिवाळीला घरी जायचंय.

रक्त

बाजारात तयार मेकअपचं रक्त मिळतं, पण लांबच्या शूटला ते परवडत नाही आणि घरी करणं सोपं आहे. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. ते मधासारखं घट्ट असतं, थोड्या गरम पाण्यात सैल करा. खायचा लाल रंग घाला. या टप्प्यावर ते रोझ सरबतासारखं दिसतं आणि सगळे हिरमुसतात. आता चमचाभर कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून, गाळून घाला. गाळलं नाहीत तर रक्तात गुठळ्या दिसतात. मग निळ्या रंगाचा एक थेंब. एकच, दोन पडले की जांभळं होतं. आता ते काळपट, जड दिसेल. पांढऱ्या कापडाच्या चिंधीवर टाकून, ज्या लाईटमध्ये शूट आहे त्याच लाईटमध्ये, त्याच फोनमधून बघा. डोळ्याला बरं दिसलेलं रक्त फोनमध्ये केशरी दिसू शकतं.

दोन बाटल्या करा. एक तोंडात घालायची, तिच्यात याखेरीज काही नाही. दुसरी कपड्यांसाठी, तिच्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घाला, म्हणजे डाग धुताना जरा कमी छळतात. दुसरीवर मोठ्या अक्षरात 'तोंडात नको' असं लिहा. तरीही खायचा रंग कापडावर आणि भिंतीवर राहू शकतो, त्यामुळे खाली ताडपत्री, भिंतीला प्लॅस्टिक, आणि मरणाऱ्याच्या शर्टाचे एकाच रंगाचे दोन-तीन नग. घर भाड्याचं असेल तर डिपॉझिटचा विचार आधी.

हे रक्त साखरेचं आहे, म्हणून मुंग्या येतात. अंगणात किंवा गच्चीवर प्रेत म्हणून पडलेल्या मित्राला वीस मिनिटांनी हे कळतं, आणि तो कळवतो. जमिनीवर पडायचे शॉट आधी आटपून घ्या. उलट, प्रेत मधेच खाजवतंय आणि दिग्दर्शक त्याला ओरडतोय हा सीन फिल्ममध्येच घ्यायला माझी तरी हरकत नाही.

कृष्णधवल करणार असाल तर एवढा खटाटोप नको. चॉकलेट सिरप चालतं. हिचकॉकने 'सायको'च्या त्या बाथरूमच्या सीनमध्ये तेच वापरलं होतं.

सुरे, चाकू खरे अजिबात नकोत, बोथट केलेलेसुद्धा नकोत. रबरी किंवा जाड पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावलेले घ्या, लांबून कळत नाही. दाबल्यावर पातं आत जातं ते खेळण्यातले चाकू अडकतात, त्यांच्यावर विसंबू नका. बंदूक नकोच. आपला दिग्दर्शक गरीब आहे, त्याच्या हाताला लागेल ते हत्यार: लाईट स्टँड, केबल, सॅंडबॅग. विनोदही त्यातच आहे.

आवाज: इथे पैसे घाला

कॅमेऱ्याला भाड्याचे पैसे देऊ नका, माइकला द्या. चित्र थरथरलं तर प्रेक्षक माहितीपट म्हणून समजून घेतो. आवाज कळला नाही तर उठून जातो. दोन लेपल माइक, म्हणजे कॉलरला लावायचे छोटे माइक, भाड्याने घ्या. ते जमत नसेल तर साधा वायरचा लेपल दुसऱ्या फोनला लावून, तो फोन नटाच्या खिशात रेकॉर्डिंगवर ठेवा, आणि दोन्ही चालू झाल्यावर हाताने टाळी वाजवा. एडिटला त्या टाळीवर आवाज जुळवता येतो. फोन एअरप्लेन मोडवर. प्रत्येक जागी निघण्याआधी मिनिटभर सगळ्यांना गप्प करून नुसता खोलीचा आवाज घ्या. पंखा, फ्रिज, खालचा भाजीवाला, जे असेल ते.

लेपल माइक या प्रकारात हत्यारासारखा वापरता येतो. सीन असा लावा. दिग्दर्शक आणि वितरक आतल्या खोलीत 'जरा बोलायला' जातात, दार लागतं. दोघांच्या अंगावर माइक तसेच आहेत. कॅमेरा बाहेर पोरांवर. ती वडापाव खाताहेत. साउंडच्या पोराच्या कानाला हेडफोन. आधी आतलं बोलणं स्पष्ट, मानधन, खेळ, टक्केवारी. मग कपड्याची घसट. मग धप्प. मग फक्त एकाच माणसाचा श्वास. साउंडचा पोरगा घास तोंडात तसाच धरून बसलाय. त्याचा हात हळूहळू रेकॉर्डरकडे जातो. आपल्याला वाटतं बंद करणार. तो लेव्हल कमी करतो, आवाज फाटत होता म्हणून.

खर्च तीन वडापावांचा. रक्ताचा थेंब नाही, मारामारीची तालीम नाही, आणि पोरगं कोणत्या मिनिटाला सामील झालं ते कोणी न सांगता कळतं.

कॅमेरा

कॅमेरा हलला तरी चालतं, हे फसवं का ते इथे. माहितीपटाचा कॅमेरामन मुद्दाम हलवत नाही. तो स्थिर ठेवायचा प्रयत्न करतो आणि त्याला जमत नाही. मुद्दाम हलवलेला कॅमेरा दोन सेकंदांत ओळखू येतो. तेव्हा तुमच्या कॅमेरामनला सीनमध्ये काय होणार ते पूर्ण सांगू नका. त्याला शोधू द्या. थोडा उशिरा पोचू द्या.

फोन आडवा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या आकड्यांवर ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात येत नाहीत. फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये हे बदलता येत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा. झूम एखाददुसराच. रोज रात्री फुटेजच्या दोन कॉप्या, दोन वेगळ्या ठिकाणी, झोपायच्या आधी.

पोलीस, सोसायटी, शेजारी

रस्त्यावर रक्ताने माखलेला माणूस पळताना दिसला की लोक ११२ लावणार, आणि लावलाच पाहिजे. म्हणून आधीच हद्दीतल्या पोलीस ठाण्यात साधं पत्र द्या: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, कसला प्रसंग, कसली खोटी हत्यारं. पोच घेतलेली प्रत शूटच्या ठिकाणी जवळ ठेवा. प्रत्येकाकडे ओळखपत्र. महाराष्ट्रात सार्वजनिक जागांच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे, गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा बघते. पहिल्या फिल्मला मात्र सगळं एका घरात आणि गच्चीवर बसवा, हा माझा आग्रह. रेल्वे स्टेशन, लोकलचा डबा, हॉस्पिटल यांच्या वाटेला जाऊ नका.

सोसायटीत शूट असेल तर सेक्रेटरींना तोंडी सांगणं पुरत नाही. ग्रुपवर मेसेज टाकायला लावा, आणि ज्या घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत तिथे स्वतः जाऊन सांगा. किंकाळ्या दिवसाउजेडी उरका. रात्रीचा सीन असेल तर खिडक्यांना काळा कागद लावून दुपारी घ्या.

मॉक्युमेंटरीत एक मोह हमखास होतो: अनोळखी माणसांना न सांगता त्यांची खरी प्रतिक्रिया शूट करायची. चहाच्या टपरीवर रक्ताळलेला हात पुढे करायचा आणि चहावाल्याचा चेहरा टिपायचा. करू नका. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही, त्याची तब्येत कशी आहे तेही तुम्हाला माहीत नाही. टपरीवाल्याला सगळं सांगा, कागदावर सही घ्या, थोडे पैसे द्या आणि मग त्याला सुचेल तसं करू द्या. बहुतेक टपरीवाले तुमच्या नटांपेक्षा सहज काम करतात.

एडिट

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. आधी फक्त मुलाखती लावून गोष्ट कळते का बघा. मग मुलाखतीत जे सांगितलंय त्याच्या उलट काहीतरी चित्रात घाला. दिग्दर्शक 'माझं युनिट म्हणजे माझं कुटुंब' म्हणत असताना मागे कुटुंब ताडपत्री गुंडाळतंय.

विनोदानंतर कट घाईने मारू नका. वाक्य संपल्यावर माणूस कॅमेऱ्याकडे बघत राहतो, ते दीड-दोन सेकंद राहू द्या. खुनाच्या वेळी नेमकं उलट: धक्का पूर्ण दिसण्याच्या आधी कट.

संगीत भीतीचं नको. यशोगाथांच्या व्हिडिओंना असतं तसलं गोड, उमेद वाढवणारं पियानोचं संगीत शोधा, परवाना असलेलं, आणि ते प्रेत गाडीच्या डिकीत कोंबताना वाजवा. सिनेमातली गाणी वापरलीत तर यूट्यूब पकडतं.

इंग्रजी सबटायटल स्वतः करा. यंत्राने केलेल्या सबटायटलमध्ये 'उत्तेजनार्थ'चं काय होईल याची कल्पना करा.

दाखवणं

चित्रपटगृहात जाहीर खेळ करायचा असेल तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या झाल्यात. अशा विषयाला १६+ किंवा सरळ ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, धरून चाला. यूट्यूबवर टाकायला ते प्रमाणपत्र लागत नाही, पण वयाचं बंधन स्वतःहून लावा आणि थंबनेलवर रक्त ठेवू नका, नाहीतर व्हिडिओ कोणापर्यंत पोचणारच नाही. सुरुवातीला 'हे सर्व काल्पनिक आहे' ही पाटी ठेवा. खोटेपणा उघड होईल म्हणून पोरं ती पाटी टाळतात, पण पाटी वाचूनही प्रेक्षक फसतो, निदान चांगल्या फिल्ममध्ये तरी. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवा, ऑनलाइन होतं.

महोत्सवांचे अर्ज भरताना नियम नीट वाचा: लांबीची मर्यादा, फिल्म आधी यूट्यूबवर आलेली चालते का, प्रवेश शुल्क किती. बरेच महोत्सव आधी ऑनलाइन टाकलेली फिल्म घेत नाहीत, त्यामुळे अर्ज आधी, यूट्यूब नंतर. मुंबईच्या मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सारख्या ठिकाणी माहितीपट आणि शॉर्ट फिक्शन असे वेगळे विभाग असतात. फॉर्ममध्ये फिक्शनवर टिक करा. माहितीपटावर टिक केलीत तर पहिला फोन निवड समितीचा येणार नाही.